पाण्याची वही

दिवाळीची भाजणी दळून आणायला परवा राहात्याच्या गिरणीत गेले होते. डबा खाली ठेवते न ठेवते तोच रांगेतल्या एका ओळखीच्या बाईंनी विचारले, "काय मॅडम, झाली का पीएच.डी.?"

मी म्हटले, "अहो, आत्ता कुठं वर्ष झालंय."

"अगं बाई! वर्ष झालं तरी नाही झाली?" त्यांनी अगदी मनापासून हळहळ व्यक्त केली. तेवढ्यात गिरणीवाला म्हणाला, "मॅडम, तुमचा नंबर पाचवा. अर्ध्या तासात देतो." विद्यापीठातही असे छातीवर हात ठेवून सांगणारे कोणी असते तर किती बरे झाले असते, असे त्या क्षणी मला वाटून गेले.

या सदराच्या जुन्या वाचकांना मी मास्तरीणबाई म्हणून ठाऊक आहे. कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते, संसार करते आणि उरल्यासुरल्या वेळात तुमच्याशी चार गोष्टी बोलते. त्रेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.ला नाव घातल्याचे मी याच पानावर कळवले होते. तेव्हापासून पत्रांचा ओघ सुरू आहे. कुणाची मुलगी एम.ए. होऊन बसली आहे, कुणाच्या सुनेला पुन्हा शिकायचे आहे. एका गृहस्थांनी तर लिहिले आहे की, "पत्नीला तीन वर्षांत डॉक्टर करावयाचे योजिले आहे, तरी तयारी कळवावी." पत्नीने काय योजिले आहे, याचा पत्रात उल्लेख नाही! प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहिण्यापेक्षा दिवाळी अंकाची ही ऐसपैस पाने मिळाली आहेत, तर एकदाच सगळे सांगून टाकते. वर्षभराच्या विद्यार्थिनीने उपदेश करावा हे जरा धाडसाचेच आहे. पण डॉक्टर झालेली माणसे पहिल्या वर्षातली फजिती विसरून जातात. माझी अजून ताजी आहे.

आधी रुक्ष माहिती देऊन टाकते, म्हणजे मग गप्पा मारायला मोकळी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे या अभ्यासाला कमीत कमी तीन वर्षे लागतात आणि जास्तीत जास्त सहा मिळतात. स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते; बाळंतपणासाठी आणि मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. नोकरी सांभाळून अर्धवेळ अभ्यास करता येतो. मात्र नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत पत्र आणावे लागते. सुरुवातीला निदान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करायचा, आणि पुढे दर सहामाहीला एका समितीपुढे उभे राहून काय केले ते सांगायचे. नेट परीक्षेतून कनिष्ठ शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. म्हणजे तरुण मुलामुलींनी हा मार्ग धरला, तर घरच्यांनी "कमावणार कधी?" म्हणून लगेच कपाळाला हात लावण्याचे कारण नाही.

मार्गदर्शक निवडण्याबद्दल पुष्कळजणांनी विचारले आहे. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे जागा थोड्या आणि धावपळ फार. तरीही घाई करू नका. लग्न जुळवताना आपण स्थळाची चौकशी करतो, तशी इथेही करावी. पाटीवरच्या पदव्या मोजत बसण्यापेक्षा त्यांच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला चहा पाजावा आणि दोनच प्रश्न विचारावेत. लिहून दिलेले पान सर किती दिवसांत वाचून परत देतात? आणि "माझं चुकलं" असे सर कधी म्हणतात का? या दोन उत्तरांवर पुढची पाच वर्षे अवलंबून असतात.

आणखी एक. प्रबंध "तयार करून" देणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांना दारातूनच वाटेला लावा. दळण दुसऱ्याने आणले तरी पीठ आपलेच असते. अभ्यासाचे तसे नाही.

आता माझी गोष्ट सांगते. तुम्ही शिर्डीला गेला असाल तर नगर-मनमाड रस्त्यावरचे आमचे राहाता तुमच्या मोटारीच्या खिडकीतून मागे गेले असेल. रस्त्याच्या कडेला पेरूंच्या पाट्या मांडून बसलेल्या बायका दिसल्या असतील. ते पेरू इथे पिकतात ते पाटाच्या पाण्यावर. गोदावरीवर नांदूर मधमेश्वरला बंधारा आहे. तिथून निघालेला उजवा कालवा आमच्या भागात येतो. मागे दारणेच्या धरणात पाणी साठवलेले असते. इंग्रजांच्या अमदानीत, दुष्काळाने होरपळलेल्या या मुलखासाठी केलेले ते काम. त्या पाण्यावर ऊस आला, साखर आली, फळबागा आल्या. आमच्याकडची माणसे वर्ष मोजतात तेही पाटाच्या आवर्तनांवर. "औंदा किती पाळ्या?" हा आमच्याकडचा कुशलप्रश्न आहे.

तेव्हा माझा विषय पाण्याचाच असणार हे ठरलेले होते. मी मोठ्या हौसेने शीर्षक लिहून नेले: "अहमदनगर जिल्ह्याच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेतील पाण्याचे स्थान: एक चिकित्सक अभ्यास." सरांनी ते वाचले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, हा विषय आहे की गॅझेटियर?"

मी हिरमुसले. जिल्ह्याचा तालुका केला. सर म्हणाले, "अजून मोठा आहे." तालुक्याचा एक कालवा केला. "अजून." मध्यंतरी, २०२४ साली, जिल्ह्याचे नावच बदलून अहिल्यानगर झाले, तेव्हा शीर्षक पुन्हा लिहावे लागले, निदान त्या एका दुरुस्तीचे खापर माझ्यावर नव्हते. अखेरीस कालव्याची एक चारी उरली. चारी म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणारी लहानशी पाण्याची वाट. तेवढ्या एका चारीवर मी पाच-सहा वर्षे घालवणार, हे ऐकून आमच्या घरच्या मंडळींची करमणूक झाली. हे म्हणाले, "आधी जिल्हा होता, मग तालुका, आता चारी. पुढच्या दिवाळीला तुझ्या हातात नुसती तोटी राहील!"

हसण्यावारी नेले खरे, पण त्या रात्री मला झोप आली नाही. मुलांच्या शाळा, सासूबाईंचे गुडघे, कॉलेजचे पेपर, यांतून वेळ चोरून मी पुण्याच्या एस.टी.त बसायचे, ते या एका चारीसाठी? विषय लहान होत गेला की माणूसही लहान होत गेल्यासारखे वाटते. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला हे वाटते, असे आता मला कळले आहे. तेव्हा कळले नव्हते.

माझी समजूत घातली ती एका जुन्या पुस्तकाने. पुण्यातल्या ग्रंथालयात धनंजयराव गाडगीळांचा १९४८ सालचा एक अहवाल हाती लागला. गोखले अर्थशास्त्र संस्थेने छापलेला. विषय काय, तर गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ! म्हणजे आमचाच पाट, आमचीच शेते, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. कालव्याने काय दिले हे ठरवायचे, तर सरकारच्या तिजोरीत पडलेली पाणीपट्टी तेवढी मोजून भागणार नाही. त्या पाण्यामुळे इतरांच्या पदरात काय पडले तेही पाहिले पाहिजे, असा त्या पाहणीचा रोख. पाहणीसाठी शेत-शेत हिंडावे लागते, तेव्हा कुठे एक आकडा हाती येतो. पुढे १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष हेच गाडगीळ झाले. लोणी आज आमच्याच राहाता तालुक्यात आहे. पुण्याचा पंडित आणि लोणीचा शेतकरी एका बाकावर बसले, त्याच्या आधी पंडिताने इथली शेते अभ्यासली होती. ते पुस्तक मिटताना मला माझी चारी एकदम लांबरुंद वाटू लागली.

म्हणून पहिला सल्ला हा. विषय लहान करायला लाजू नका. जी गोष्ट आपल्या पायांनी चालून पाहता येते, तेवढीच आपल्याला खात्रीने सांगता येते. आणि जाडीवर जाऊ नका. कमला सोहोनी १९३९ साली केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या, विज्ञानातली पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री. त्यांचा प्रबंध अवघा ४० पानांचा होता, असे सांगतात. आमच्याकडे लग्नपत्रिकांची चोपडी याहून जाड निघते!

विषय ठरला तरी फजिती संपली नव्हती. मी बेचाळीस प्रश्नांची छापील प्रश्नावली घेऊन चारीवर निघाले. कॉलेजची पर्स, पायांत चपला, डोक्यावर छत्री. पहिलाच प्रश्न होता, "आपणांस कालव्याचे पाणी पुरेसे मिळते काय?" तीस घरे झाली. तिसांनी सांगितले, "नाही." चारीच्या तोंडाशी असलेल्यांनी सांगितले, सरकार पाणी सोडत नाही. चारीच्या शेवटाला, ज्याला इकडे टेल म्हणतात, तिथल्यांनी सांगितले, वरचे लोक सोडत नाहीत. मी खूश झाले. तीसपैकी तीस! एवढा स्वच्छ आकडा अर्थशास्त्रात सहसा मिळत नाही.

एकतिसाव्या घरी एक म्हातारी शेंगा निवडत बसली होती. प्रश्न ऐकून तिने मान वर केली. "मॅडम, पाणी पुरतं का म्हणून ईचारलं तर हो कोन म्हनंल? तुम्हाला पगार पुरतो का म्हणून मी ईचारलं, तर तुम्ही काय सांगाल?"

माझ्या बेचाळीस प्रश्नांचा निकाल त्या एका प्रश्नाने लागला. तीस घरांचे कष्ट पाण्यात गेले, तेही पुरेशा पाण्यात! सरांना सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "मत विचारू नका, घडलेली गोष्ट विचारा. गेल्या आवर्तनात पाणी कोणत्या तारखेला आलं? दिवसा की रात्री? किती तास चाललं? दारं धरायला कोण होतं?"

"पण सर, एवढं कोण लिहून ठेवतं?"

"कुणी ना कुणी ठेवतंच. शोधा."

शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. लिहून ठेवणारा माणूस आमच्याच ओसरीवर आरामखुर्चीत बसलेला होता. माझे सासरे, ज्यांना सगळे घर नाना म्हणते, त्यांनी १९८४ पासून पाण्याची वही ठेवलेली आहे. लाल कापडी बांधणीची, एकावर एक अशा चार वह्या. सात नंबरचा अर्ज केव्हा दिला, पाणीपट्टी किती भरली, पाळी केव्हा आली, कोणत्या पिकाला किती तास दिले, रात्री बॅटरी घेऊन कोण गेले, सगळे बारीक अक्षरात. मागितल्यावर नानांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "घे. पण पंधरा वर्षांमागची वही नीट वाच. आपल्या पेरूच्या बागेचा खून कोणी केला, ते तुझ्या पुस्तकात येऊ दे."

इथे वाचकांना आमच्या घरची एक दुखरी गोष्ट सांगितली पाहिजे. आमची दीड एकर पेरूची बाग होती, दीडशेवर झाडे. पोटच्या पोरांसारखी नानांनी वाढवलेली. पंधराएक वर्षांपूर्वी दोन पावसाळ्यांत ती सगळी वाळून गेली. आमचे शेत चारीच्या टेलला आहे आणि वरच्या अंगाला नानांच्या चुलत भावाचे. त्यांनी रात्री दारे फोडून आमचे पाणी वळवले, म्हणून बाग मेली, असे नानांच्या मनाने घेतले. तेव्हापासून दोन्ही घरांचे बोलणे बंद. लग्नकार्यात तोंडदेखले जाणे नाही, दिवाळीच्या फराळाचे ताट नाही. माझी मुले त्या घरातल्या मुलांबरोबर एका शाळेत जातात आणि फाटकाशी आली की निमूट वेगळी होतात.

आणि खरे सांगायचे तर, विषय निवडताना माझ्याही मनात हाच खटला होता. टेलच्या लोकांवर अन्याय होतो, हे आकड्यांनी सिद्ध करून दाखवायचे, एवढ्याचसाठी मी पाणी निवडले होते. निकाल आधी लिहून ठेवला होता, पुरावा तेवढा गोळा करायचा राहिला होता.

श्रावणात रात्री जेवणे उरकल्यावर मी वही घेऊन बसत असे. ज्या दोन वर्षांत बाग गेली, त्या वर्षांची पाने मी दोनदा वाचली, मग तिसऱ्यांदा. पाळ्या चुकलेल्या नव्हत्या. तासही कमी भरत नव्हते. नानांच्याच अक्षरात ठिकठिकाणी लिहिले होते, "पाणी भरपूर. बाग भिजली." एके ठिकाणी होते, "वरून पाऊस. तरी पाळी घेतली. सोडली तर पुढची मिळेल न मिळेल." त्याच्या पुढच्या पानावर, "पेरू पिवळे. सात झाडे." मग "एकोणीस झाडे." मग नुसते आकडे. आणि शेवटी एका कोऱ्या पानाच्या मधोमध दोन शब्द: "बाग काढली."

मी वही मिटून किती वेळ बसून होते, कोण जाणे.

राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या एका जाणकारांना भेटले. त्यांनी सांगितले की पेरूला मर नावाचा रोग होतो. जमिनीतल्या बुरशीने होणारा. पाने पिवळी पडतात, गळतात, झाड उभ्याउभ्या वाळते. भारी काळ्या जमिनीत, पाणी साचून राहिले की पावसाळ्यात त्याचा जोर वाढतो. एकदा झाड धरले की हमखास उपाय नाही. मात्र त्यांनी लगेच हेही सांगितले की झाड न पाहता, एवढ्या वर्षांनी, रोगाचे नाव ठामपणे घेता येणार नाही. वहीवरून एवढेच म्हणता येईल की बाग पाण्यावाचून मेलेली दिसत नाही. "एवढेच म्हणता येईल," हे तीन शब्द मी वर्षभरात शिकलेल्या सगळ्या विद्येचे सार आहेत.

सरांकडे गेले आणि सगळे सांगितले. म्हटले, "सर, विषय बदलू का?" सरांनी मला इरावती कर्व्यांची हकीकत सांगितली. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावतीबाई आपल्याला ठाऊक असतात. पण १९३० च्या आसपास त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर नावाच्या विख्यात प्राध्यापकांच्या हाताखाली विद्यार्थिनी होत्या. गोऱ्या युरोपियनांची बुद्धी श्रेष्ठ आणि तिची खूण कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकात सापडेल, अशी प्राध्यापकांची धारणा. इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या कवट्या एकेक करून मोजल्या. तसे काही सापडले नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून त्याच्या मताविरुद्ध, त्यांनी सापडले नाही असे लिहून दिले.

"त्यांना गुरूला सांगायचं होतं," सर म्हणाले, "तुम्हाला सासऱ्यांना सांगायचं आहे. कोणतं अवघड, ते तुम्हीच ठरवा! आणि हे पाहा, स्वतःचं घर नमुन्यात घ्यायचं नसतं. नानांची वही प्रबंधात येणार नाही. पण तिनं तुम्हाला जो प्रश्न दिला आहे, तो घ्या."

प्रश्न खरोखरच मिळाला होता. वरून पाऊस पडत असताना शहाणासुरता शेतकरी पाटाचे पाणी का घेतो? पुढच्या पाळीचा भरवसा नसतो म्हणून. पाणी किती मिळते, हा माझा जुना प्रश्न होता. आता मी विचारते, ते केव्हा मिळेल याची शाश्वती नसली की माणूस काय करतो? कोणी नको असताना घेतो, कोणी कर्ज काढून शेततळे खणतो, कोणी बाग काढून कांदा लावतो. आणि कोणी, पाण्याचा हिशेब लागत नाही म्हणून, शेजाऱ्याच्या नावावर मांडतो. एका चारीत एवढे सगळे आहे. आता ह्यांनी तोटी म्हटले तरी मला राग येत नाही.

नानांना सांगायचे मात्र राहिले होते. चार आठवडे मी टाळले. नवरात्रात एका संध्याकाळी ते ओसरीवर एकटेच होते. वही घेऊन मी समोर बसले आणि निष्कर्ष न सांगता नुसती पाने वाचून दाखवली. तारीख, तास, "पाणी भरपूर", "पेरू पिवळे". त्यांचे शब्द त्यांनाच. शेवटच्या पानापाशी माझा आवाज फुटेना, तेव्हा त्यांनीच म्हटले, "बाग काढली."

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मीच लिहिलंय व्हय गं हे सगळं?"

"हो, नाना. तुमचंच अक्षर आहे."

"पंधरा वर्षं वही घरात हाये. मी उघडली न्हाई." मग एकदम म्हणाले, "म्हंजी त्यानं कधीच दारं फोडली न्हाईत, आसं म्हनतीस?"

"तसं मला म्हणता येणार नाही. एखाद्या रात्री फोडली असतीलही. पण त्यानं बाग मेली, असं वही म्हणत नाही. एवढंच म्हणता येईल."

ते उठून आत गेले. मला वाटले, झाले, आता माझ्याशीही अबोला. थोड्या वेळाने परत आले ते हातात एक गाठोडे घेऊन. पाणीपट्टीच्या पावत्या होत्या, सुतळीने बांधलेल्या. "ह्या बी ठेव," म्हणाले, "वहीत माझं काय चुकलं आसंल तर ताडून बघ, सूनबाई."

वाचकहो, डॉक्टर होईन की नाही हे मला ठाऊक नाही. पण असा विद्यार्थी मी विद्यापीठात अजून पाहिलेला नाही.

हा मजकूर नानांना वाचून दाखवूनच छापायला देत आहे. "लोकांना कळू दे," एवढेच ते म्हणाले. नेमके काय कळू दे, हे मी विचारले नाही.

तेव्हा ज्यांच्या घरात असा एखादा नवा विद्यार्थी असेल, त्यांना माझी विनंती. "कधी संपणार?" असे त्याला विचारू नका, ते त्यालाही ठाऊक नसते. "आज काय सापडलं?" असे विचारा, आणि "काही नाही" म्हणाला तर ते उत्तर खरे आहे, एवढा विश्वास ठेवा. त्याला रोज एक तास दार लावून बसू द्या. सुनेला तर दोन द्या. एक तिचा, आणि एक दाराबाहेरून हाका मारण्यात आपण वाया घालवतो तो. आणि नव्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगेन की रोज एक पान लिहा, तारीख घालून लिहा, आणि जे दिसले ते लिहा. नानांनी बागेच्या दुःखात जे मनात धरले ते चुकीचे ठरले असेल. पण त्या दुःखातही रोज रात्री वहीत जे लिहिले, ते खरे होते. म्हणून तर ते पंधरा वर्षांनी उपयोगी पडले.

गिरणीतून भाजणी अर्ध्या तासात मिळाली. घरी येऊन चकल्या केल्या. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे शेजाऱ्यापाजाऱ्यांची ताटे भरायला घेतली आणि मोजताना एक ताट जास्त काढले. ते कुणाचे, असे कुणी विचारले नाही. नाना ओसरीवरून पाहत होते. ते ताट वरच्या घराच्या फाटकापर्यंत जाते की नाही, हे लक्ष्मीपूजनाला कळेल. आज काही म्हणता येणार नाही. एवढेच म्हणता येईल की ताट भरलेले आहे.

तुम्हां सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा!